पाळीपूर्वीचे दिवस आणि मोबाइलमधील रोजनिशी

(मंडळाच्या ठाकुर्ली येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



भाषणाचा विषय काय लिहू, असे मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस विचारले तेव्हा आम्ही तो सांगितला, आणि त्यांनी पेन तसेच वर धरून आमच्याकडे पाहिले. साठी उलटलेल्या, मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या एका निवृत्त शाळामास्तराने बायकांच्या पाळीविषयी, आणि तेही मोबाइलवरील ॲपच्या निमित्ताने, चारचौघांत बोलावे हे त्यांस रुचले नसावे. कार्यक्रमपत्रिकेत त्यांनी ‘आरोग्य व आधुनिक साधने’ असे छापले आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. संकोच आम्हांसही आहेच. परंतु येथून एका स्टेशनावर असलेल्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ह्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी, १८८३ साली, बंगालमधील सेरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभे राहून सांगितले होते की, ह्या देशातील स्त्रिया आपली दुखणी पुरुष डॉक्टरांपुढे उघड करीत नाहीत, म्हणून स्त्री-डॉक्टर हव्यात. पुढे १८८६ साली त्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून एम. डी. झाल्या. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून शरीराविषयी मराठीत स्पष्ट लिहिले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. त्यांच्या तुलनेने आम्हांस आज सोसावे लागणार आहे ते एवढेच, की मागच्या रांगेतील काही मंडळी गालात हसतील. हसू द्यावे.

आम्ही वैद्य नव्हे. जे सांगणार आहोत ते थोडे वाचलेले आणि पुष्कळसे आमच्याच घरात घडलेले आहे. ते सांगण्यास आमच्या सूनबाईंची परवानगी आहे. हे भाषण तिने आधी वाचले असून त्यातील दोन वाक्ये तिने खोडली आहेत. ती आपणांस ऐकावयास मिळणार नाहीत.

आपल्या घरांतून पाळीची तारीख कधी गुप्त नव्हती. कावळा शिवला, बाहेर बसली, अडचण आहे, अशा नाना शब्दांनी ती घरभर जाहीर होत असे. आमच्या आईच्या काळी बसण्याची जागाच वेगळी असे. पुढे ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीतील दोन खोल्यांत वेगळी जागा कोठून आणावयाची, म्हणून ती प्रथा हळूहळू मोडली. पुढे स्वयंपाकघराच्या दारामागे दिनदर्शिका लटकू लागली आणि तिच्यावर पेन्सिलीचे बारीक टिंब दिसू लागले. ते टिंब कशाचे हे घरातील पोरांनाही ठाऊक असे आणि कोणी विचारीत नसे. ही नोंद कोणासाठी होती? देवघरासाठी, लोणच्यापापडासाठी, येणाऱ्या पाहुण्यांसाठी, ठरलेल्या पूजेसाठी. जिच्या शरीरात ते घडत होते तिच्यासाठी ती क्वचितच होती. आणखी एक गोष्ट आमच्या उशिरा ध्यानात आली. पाळीच्या चार दिवसांना आमच्या बोलीत इतके शब्द, परंतु त्याच्या आधीच्या आठवड्याला एकही नाही. त्या दिवसांत विटाळ नाही, म्हणून त्यांची दखल नाही. त्या दिवसांतील रडणे, चिडणे, डोके उठणे, छाती दुखणे, पोट फुगणे, झोप उडणे, कशातच मन न लागणे, ह्या सर्वांना मिळून आम्ही एकच शब्द वापरीत आलो. तो शब्द म्हणजे ‘स्वभाव’.

वैद्यकशास्त्रालाही ह्या दिवसांना नाव देण्यास वेळच लागला. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट फ्रँक ह्यांनी १९३१ साली १५ स्त्रियांची हकीकत देऊन ‘पाळीपूर्वीचा ताण’ असा शब्द वापरला. नंतर १९५३ साली इंग्लंडमधील डॉ. रेमंड ग्रीन आणि डॉ. कॅथरिना डाल्टन ह्यांनी, हा केवळ ताण नसून अनेक लक्षणांचा समूह आहे, असे मांडले. आज डॉक्टर ज्याला पी. एम. एस. म्हणतात ते हेच. डाल्टनबाईंची स्वतःची अर्धशिशी गरोदरपणी थांबली होती आणि त्यावरून त्यांचे लक्ष ह्या विषयाकडे वळले. पुढे १९६० साली त्यांनी शाळकरी मुलींच्या साप्ताहिक गुणांचाही अभ्यास केला आणि पाळीच्या सुमारास गुण घसरतात असे लिहिले. नंतरच्या अभ्यासकांनी ते सरसकट मान्य केले नाही, हेही येथे सांगणे जरूर आहे. नाहीतर उद्या आपल्यातीलच कोणी म्हणावयाचे की, मास्तरांनीच सांगितले, बायकांची बुद्धी महिन्यातून आठवडाभर चालत नाही! तसे मुळीच नाही. बहुसंख्य स्त्रियांना थोडाबहुत त्रास होतो आणि त्या आपली कामे करीतच असतात. थोड्या जणींना मात्र तो इतका तीव्र होतो की घर, नोकरी, नाती सारेच विस्कटते. ह्या तीव्र प्रकारास पी. एम. डी. डी. म्हणतात. शरीरातील संप्रेरके पाळीच्या आधी चढतात-उतरतात ती सर्वच स्त्रियांत. काहींचा मेंदू त्या चढउतारास अधिक हळवा असतो, असे आजचे शास्त्र सांगते. यात करणी नाही आणि नाटकही नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. सूनबाई मुंबईस एका कचेरीत नोकरीस आहे. ठाकुर्लीस जलद गाडी थांबत नाही. धीम्या गाडीने जाऊन येऊन तिचे दिवसाचे तीन तास सहज जातात. लग्न होऊन आली तेव्हा हसतमुख मुलगी होती. पुढे महिन्यातील काही दिवस ती वेगळीच भासे. आल्यावर कोणाशी बोलावयाचे नाही, जेवणाचे ताट तसेच, कधी भांड्यांचा आवाज मोठा, कधी रात्री न्हाणीघरात दार लावून रडणे. आमची सौभाग्यवती म्हणे, “हिचा स्वभावच असा, आधी कळला नाही इतकेच.” आमचे चिरंजीव त्याहून शहाणे. ते हसून म्हणत, “तिची ती वेळ असेल.” आणि आम्ही? आम्ही वर्तमानपत्र वर धरीत होतो.

एके दिवशी ती आपणहून एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी विचारले, त्रास केव्हा होतो? ती म्हणाली, बहुधा नेहमीच. बाई म्हणाल्या, ‘बहुधा’ नको, दोन महिने रोजच्या रोज लिहून आणा. ह्यामागे शास्त्र आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथात पी. एम. डी. डी. चा समावेश केला, तेव्हा पक्क्या निदानासाठी किमान दोन चक्रांची रोजच्या रोज केलेली नोंद असावी, अशी अट घातली. आठवून सांगितलेली हकीकत पुरत नाही.

आम्ही शिक्षक असल्यामुळे ही अट आम्हांस ताबडतोब पटली. शाळेत हजेरीपट रोज दहाच्या ठोक्याला भरावयाचा असतो. काही मास्तर तो महिनाअखेर आठवून भरतात. असा हजेरीपट पाहताक्षणी ओळखू येतो. त्यात जे पोर दांडगे, ते सदा हजर, आणि जे मुखदुर्बळ, ते अमुक दिवशी वर्गात होते की नव्हते ते मास्तरला आठवतच नाही. मनुष्याची आठवण तशीच असते. वाईट दिवस ठळक राहतात, साधे दिवस पुसले जातात, आणि महिन्याच्या शेवटी वाटते की सगळा महिना वाईटच गेला. ज्यांचे वडील येथल्या रेल्वेच्या वीजघरात कामास होते त्यांना आठवत असेल, ते घड्याळ पाहून ठराविक वेळी मीटरचे आकडे वहीत उतरवीत. यंत्र बिघडल्यावर मग ती वही उघडावयाची. वीजघर बंद होऊन पुष्कळ वर्षे झाली, परंतु वहीचा धडा खरा आहे.

तर सूनबाईंनी मोबाइलवर एक ॲप घेतले. रोज रात्री नऊच्या सुमारास त्यात टण् असा आवाज होई आणि ती पाचएक मिनिटे खाली मान घालून काही दाबीत बसे. घरात कुरबुर सुरू झाली की, जेवून उठली नाही तो मोबाइल. ती काही बोलली नाही. ती काय करीत होती ते आम्हांस तिने नंतर दाखविले. पडद्यावर लहान लहान चित्रे असतात. झोप कशी लागली, डोके दुखले काय, मन उदास, चिडके की शांत, भूक किती, आणि ते किती तीव्र. त्यांवर बोट ठेवले की त्या तारखेखाली नोंद पडते. पाळी सुरू झाली की तो दिवस पहिला. तेथून पुढे दिवस मोजले जातात. पाळी २८ दिवसांनीच यावी हा समज चुकीचा आहे. २१ ते ३५ दिवस हे सर्वसाधारण मानले जाते. ॲप मागील महिन्यांची सरासरी काढून पुढची तारीख सांगते. त्यास शरीराच्या आतले काही दिसत नाही. सूनबाईंच्या बाबतीत पहिल्या महिन्यात ते चार दिवसांनी चुकले. कित्येक ॲपे गर्भधारणेचे ‘सुरक्षित’ व ‘असुरक्षित’ दिवसही रंगवून दाखवितात. नुसत्या त्या रंगांवर विसंबून संततिनियमन करू पाहणाऱ्याची फसगत व्हावयाची. ॲपचा खरा उपयोग भाकितात नाही, मागच्या नोंदीत आहे. नोंद मात्र रोज करावी लागते, ती ॲप आपणहून करीत नाही.

तीन महिन्यांच्या नोंदीत दोन गोष्टी निघाल्या. पहिली ही की, पाळीच्या आधीचे सहासात दिवस तिचा त्रास स्पष्ट वाढत होता आणि पाळी सुरू झाल्यावर दोन दिवसांत ओसरत होता. मधले दिवस बऱ्यापैकी स्वच्छ होते. डॉक्टरीणबाईंनी तो आलेख पाहिला, रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले आणि उपचार सुरू केले. काय औषध दिले ते आम्ही विचारले नाही. सर्वसामान्यपणे सांगावयाचे तर, सौम्य त्रासास नियमित व्यायाम आणि पुरेशी झोप ह्यांनी उतार पडू शकतो. तीव्र त्रासास मनाच्या विकारांवरील काही औषधे किंवा संप्रेरकांच्या गोळ्या डॉक्टर देतात. हिमोग्लोबिनचे मात्र सर्व घरांनी मनावर घ्यावे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. थकवा हा सगळाच पाळीचा नसतो. नोंदीवरून असेही कळू शकते की, त्रास महिनाभर सारखाच आहे. मग तो पाळीपूर्वीचा नव्हे. ते कदाचित औदासीन्याचे दुखणे असेल, आणि त्याचा उपचार वेगळा. कोणाच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, मग ते चार दिवसांपुरते का असेनात, तर नोंदीसाठी दोन महिने थांबू नये. सरकारचा टेली-मानस हा फोन १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असतो.

दुसरी गोष्ट सांगताना आमची जीभ अडखळते. त्या तीन महिन्यांत आमच्या घरी एक मोठे भांडण झाले होते. सत्यनारायणाची पूजा घालावयाची ठरली. तारीख आम्हीच काढली, गुरुजी ठरविले, नातलगांना कळविले. मग सौभाग्यवतीने बोटे मोजली आणि म्हणाली, सूनबाईची नेमकी अडचण येते. त्यावर आम्ही स्वतः औषधाच्या दुकानात जाऊन पाळी लांबविण्याच्या गोळ्या आणल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. डॉक्टरला विचारले नाही, तिलाही विचारले नाही. पूजेस तीन आठवडे अवकाश होता, म्हणजे आमच्या मते आम्ही दूरदृष्टी दाखविली होती. त्या संध्याकाळी ती जे बोलली ते आजवर ह्या घरात कोणी आमच्याशी बोलले नव्हते. चिरंजिवांनी नेहमीचे वाक्य उच्चारले, “तिची ती वेळ असेल.” आम्हीही मनात तेच म्हणून स्वस्थ झालो.

पुढे ती आम्हांस मोबाइलवरील आलेख दाखवीत असताना त्या तारखेवर तिचे बोट थांबले. तो पाळीच्या पहिल्या दिवसापासून नववा दिवस होता. त्या दिवशी झोप चांगली, डोके शांत, त्रास काही नाही, अशी नोंद. खाली फक्त एक चिडका चेहरा आणि तिने हाताने लिहिलेले दोन शब्द. ते दोन शब्द काय होते ते सांगत नाही, ते खोडलेल्या वाक्यांत गेले. ती म्हणाली, “अण्णा, हा राग तारखेचा नाही.” आम्ही म्हटले, “नाही, तो आमचा आहे.”

बांधवहो, आम्हांस ह्या यंत्राचे महत्त्व वाटते ते येथे. ज्या दिवशी तिला दुखत होते त्या दिवशी आम्ही तिला स्वभावाने वाईट ठरवीत होतो, आणि ज्या दिवशी ती न्यायाने रागावली त्या दिवशी तिला दुखणाईत ठरवून मोकळे झालो. दोन्हीकडून सुटका आमचीच. रोजच्या नोंदीने दोन्ही पळवाटा बुजल्या. त्या गोळ्यांविषयी एवढेच सांगतो की, त्या संप्रेरकांच्या असतात. ज्यांना रक्तात गुठळी होण्याचा विकार झालेला आहे अशांना त्या अपायकारक ठरू शकतात. डॉक्टरने तपासल्यावाचून त्या घेऊ नयेत, आणि सासऱ्याने तर आणूच नयेत. पूजा झाली. गोळ्या न घेता झाली. सूनबाई पूजेस बसली की नाही, ह्याची चौकशी ज्यांना करावयाची असेल त्यांनी ती करू नये.

आता सावधगिरीचे बोलतो. ही वही कोणाची? दिनदर्शिकेवरचे टिंब निदान स्वयंपाकघरात राहत असे. मोबाइलमधील टिंब कोठवर जाईल ह्याचा नेम नाही. २०१९ साली लंडनच्या ‘प्रायव्हसी इंटरनॅशनल’ ह्या संस्थेने अशी काही ॲपे तपासली. त्यांत आपल्या देशातले ‘माया’ हे ॲप उघडताक्षणी फेसबुकास कळवीत असल्याचे आढळले. नंतर ती जोडणी काढून टाकली, असे कंपनीने सांगितले. ‘फ्लो’ नावाचे ॲप जगभर कोट्यवधी स्त्रिया वापरतात. खासगी ठेवू असे वचन देऊन त्याने माहिती इतर कंपन्यांस पुरविली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२१ साली कंपनीस समझोता करावा लागला. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. तोवर आपणच जपावे हे बरे. ‘ड्रिप’सारखी काही ॲपे नोंद त्याच मोबाइलमध्ये ठेवतात, बाहेर पाठवीत नाहीत. तशी निवडावी. खरे नाव, पत्ता, जन्मतारीख देण्याचे कारण नाही. ॲपला संपर्कयादी आणि ठावठिकाणा पाहण्याची परवानगी देऊ नये. मोबाइलास कुलूप असावे.

कुलूप म्हटल्यावर काही पतिराजांच्या कपाळास आठी पडली ती आम्हांस येथून दिसली. परंतु कंपनीपासून जपावयाचे आणि घरातल्यांनी मात्र वाचावयाचे, असे नाही. काही ॲपांत जोडीदारालाही नोंद दिसेल अशी सोय असते. पत्नीने आपण होऊन दाखविली तर पाहावी, मागू नये. मुलीची नोंद आईने तपासू नये. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या एका शाळेत २०२५ च्या जुलैत काय झाले ते आपण वाचले आहे. स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींची पाळीविषयी चौकशी झाली आणि काहींना कपडे उतरवून तपासण्यात आले. मुख्याध्यापिकेस अटक झाली. आमचे सारे आयुष्य शाळेत गेले आहे. ती बातमी वाचून आम्हांस दोन दिवस अन्न गोड लागले नाही. पाळीची माहिती तिची तिने लिहिली तर तिच्या उपयोगाची ठरते, आणि तीच दुसऱ्याने बळाने मिळविली की शिक्षेचे साधन बनते. आम्ही नोकरीत असताना वर्गात एक हुशार मुलगी मधूनमधून बाकावर डोके टेकून बसे. तिला आम्ही एकदा सर्वांदेखत उभे केले होते. कारण विचारले, तिने सांगितले नाही, म्हणून आणखी उभे केले. ती आता चाळिशीच्या पुढे असेल. कोठे आहे ठाऊक नाही.

मोबाइल सर्वांजवळ नाही, आणि असला तरी पुष्कळ घरांत तो मुलांच्या हाती असतो. त्यासाठी घाबरावयाचे कारण नाही. दोनशे पानी वहीही तेच काम करते. आम्ही पट्टीने आखून एक तक्ता केला आहे. वर १ ते ३५ दिवस, डावीकडे झोप, डोकेदुखी, रडू, चीड, अंगदुखी, भूक, काम जमले की नाही अशी घरे, आणि दोन रिकामी घरे ज्यात जिचे तिने हवे ते लिहावे. त्रास नसेल तर शून्य, थोडा असेल तर एक, बराच असेल तर दोन, फार असेल तर तीन. रोज रात्री भरावयाचा, एकदम आठवड्याचा भरावयाचा नाही. ती मास्तरी लबाडी येथे चालणार नाही. सूनबाईंनी तो तपासून दिला आहे आणि चिरंजिवांनी त्याच्या झेरॉक्स प्रती काढून आणल्या आहेत. त्या स्टेशनावरून चालत, गठ्ठा छातीशी धरून त्यांनीच आणल्या, हे मुद्दाम नमूद करतो. प्रती दाराजवळच्या मेजावर, अल्पोपाहाराच्या ताटल्यांशेजारी उलट्या घालून ठेवल्या आहेत. घेणाऱ्याने वहीत नाव लिहावयाचे नाही, चिटणिसांना तशी विनंती केली आहे. पुरुषांनीही घरी न्यावयास हरकत नाही, मात्र भरून मागू नये. प्रती कमी पडल्या तर आणखी काढता येतील.